थांबू देणारा रस्ता

जिथे बसला आहात तिथेच राहा. पायांत चपला असतील तर काढून ठेवा आणि दोन्ही तळवे फरशीवर पूर्ण टेकू द्या. आधी टाच, मग चवडा, मग एकेक बोट. आज सकाळपासून हे तळवे कुठे कुठे चालले ते सावकाश आठवा. खोलीतून स्वयंपाकघरात, दारातून जिन्याकडे, जिना उतरून पार्किंगमध्ये. पुढचं काही आठवत नसेल तर तिथेच थांबा. शहरातल्या पुष्कळ जणांचं चालणं हल्ली पार्किंगपाशी संपतं. त्याचं कारण आळस असं आपण चटकन म्हणून टाकतो. पण फाटकाबाहेरच्या रस्त्याने चालणाऱ्याला किती जागा ठेवली आहे, यावर ते जास्त ठरतं.

आता मनानेच बाजारात जाऊ. आपण पुण्याचा लक्ष्मी रस्ता धरू, कारण तो पुष्कळांनी पाहिलेला आहे. पुणं ओळखीचं नसेल तर तुमच्या गावची मुख्य पेठ डोळ्यांसमोर आणा. कोल्हापूरचा महाद्वार रोड, नाशिकचा मेन रोड, नागपूरची सीताबर्डी, काहीही चालेल. दुकानं दोन्ही बाजूंना, मधे रस्ता, आणि गर्दी.

एकटे जाऊ नका. सोबत घरातलं वडीलधारं माणूस घ्या. पंचाहत्तरीची आई किंवा मावशी, गुडघे कुरकुरतात पण बाजाराची हौस गेलेली नाही, अशी कोणीतरी. तिचा हात तुमच्या हातात आहे. इथून पुढचं सगळं तिच्या चालीने.

कुंटे चौक. संध्याकाळचे साडेसहा. दुकानांतले दिवे लागले आहेत. काठाला दुचाकी हँडलला हँडल लावून उभ्या आहेत, एवढ्या दाटीने की त्यांच्यामधून साडीचा पदर सावरत जाणं कठीण. फुटपाथवर चढायचं आहे. खाली बघा, पायरी केवढी आहे? इंडियन रोड्स काँग्रेसने पादचाऱ्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वं लिहिली आहेत, त्यांत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं म्हटलं आहे. हाताची वीत उघडून शेजारच्या भिंतीला उभी लावून पाहा. त्याहूनही कमी. आता तुमच्या गावातला फुटपाथ आठवा. गुडघ्यावर हात दाबून, ‘हं’ करून चढावं लागतं, असे किती आठवतात? उंची वाढवली की गाड्या चढत नाहीत, या हिशेबाने ते उंच केलेले असतात. गाड्या कुठून तरी वाट काढून चढतातच. मावशी मात्र खालीच राहते, रस्त्याच्या कडेने, बसच्या आरशाखालून चालत.

समजा, चढलात. आता दोन्ही हात बाजूला पसरा. खरोखरच पसरा, कोणी बघत नाही. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढं अंतर झालं, त्याहून थोडी जास्त, म्हणजे १.८ मीटर, एवढी रुंदी अडथळ्याशिवाय मोकळी हवी, ही त्याच मार्गदर्शक तत्त्वांतली किमान मर्यादा आहे. चाकांच्या दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर एकमेकींना अडणार नाहीत, एवढी ही जागा. बाजारपेठेत त्याहून जास्त हवी. आणि ‘मोकळी’ म्हणजे विजेच्या डीपीचा खांब सोडून, फीडर पिलरचं पत्र्याचं खोकं सोडून, पायऱ्या, पुतळे, पाट्या सगळं सोडून.

हात खाली घ्या. चालायला लागा. आणि एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवा. तुमची नजर कुठे आहे?

पायांपाशी आहे. एक पेव्हर ब्लॉक डुगडुगतो, पुढचा खचलाय, त्याच्या फटीत कालच्या पावसाचं पाणी आहे आणि पाय पडला की ते पोटरीवर उडतं. पुढे चेंबरचं झाकण दोन बोटं वर आलेलं. मग एका इमारतीचं फाटक. तिथे गाडीला सोपं जावं म्हणून फुटपाथ अचानक खाली घसरतो आणि चार पावलांवर पुन्हा वर चढतो. पिवळ्या, उठावाच्या रेघांच्या फरश्या दिसतात, दृष्टिहीन माणसाच्या काठीला वाट सांगणाऱ्या. त्यांच्या मागोमाग नजर नेली तर त्या सरळ एका खांबाशी जाऊन थांबतात. ज्याने त्या बसवल्या त्याने कधी डोळे मिटून त्यांवरून चालून पाहिलं असतं तर खांब किंवा फरश्या, दोन्हींपैकी एक हलवलं गेलं असतं.

पावलाची खात्री नसली की नजर वर उचलता येत नाही. दुकानाच्या काचेतली पैठणी दिसत नाही, जुन्या वाड्याच्या सज्जाची लाकडी महिरप दिसत नाही, समोरून येणारा शाळूसोबती दिसत नाही. आपण बाजारात जाऊनही बाजार न पाहताच परत येतो. याउलट जिथे जमीन सलग आहे तिथे चार पावलांत नजर आपोआप वर जाते, तिला सांगावं लागत नाही. इमारतीच्या फाटकापाशी फुटपाथ खाली न उतरवता त्याच पातळीत पुढे नेता येतो, आणि गाडीने छोट्या उतारावरून त्यावर चढून आत जायचं. खर्च फार वाढत नाही. ठरवायचं एवढंच असतं की त्या ठिकाणी मान कोणाचा.

थोडं श्वासाकडे या. दोन-तीन श्वास येऊ द्या, जाऊ द्या. मावशीचा हात अजून हातात आहे ना?

रस्ता ओलांडायचा आहे. समजा रुंदी १२ मीटर. सिग्नलची वेळ ठरवताना माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरण्याची पद्धत आहे. त्या हिशेबाने दहा सेकंदांत पलीकडे. मावशी सेकंदाला ०.८ मीटर चालते. दहाव्या सेकंदाला ती आठ मीटरवर असते. चार मीटर उरलेले, आणि गाड्यांचे आवाज बदललेले. तिच्या हाताची पकड त्या क्षणी घट्ट होते. ती पकड आठवा. ज्याने ज्याने आपल्या म्हाताऱ्या माणसाला हात धरून रस्ता ओलांडून दिला आहे, त्याच्या तळहाताला ती माहीत आहे.

भीती खोटी नाही. २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी होती. या आकड्यावर थोडं थांबा, पुढे जायची घाई नाही. ही माणसं शाळेत, कामावर, दळण आणायला, देवळात निघालेली होती. गाडीचा वेग दुप्पट झाला की धडकेची ताकद चौपट होते, हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे. ताशी ३० किलोमीटरच्या धडकेतून बहुतेक माणसं वाचतात. वेग त्यापुढे चढत गेला की वाचणारे झपाट्याने कमी होतात. म्हणून गजबजलेल्या पेठेत गाडीचा वेग तिसाच्या आत ठेवणं ही मला पहिली गरज वाटते, सुशोभीकरणाच्या कितीतरी आधीची. गुलाबी ग्रॅनाइट आणि नक्षीदार दिव्यांचे खांब नंतर येऊ देत. चौकात रस्ता अरुंद करून ओलांडण्याचं अंतर कमी करा, ओलांडायची पट्टी फुटपाथच्या पातळीला उचला, रस्त्याच्या मधोमध श्वास घ्यायला बेट ठेवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चालण्याजोग्या पदपथाचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचं सांगितलं. मावशीच्या पावलांना आता घटनेचा आधार आहे.

पोचलात पलीकडे. मावशी म्हणते, “जरा थांबू या.”

इथे खरोखर थांबा. आजच्या मननाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे वेळ घालवू. ती थांबते म्हणजे काय करते ते बघा. आधी आधार शोधते. दुकानाचा कठडा, खांब, बंद शटर. मग सावली. मग बसायला काही. पायरीवर बसावं तर दुकानदार काय म्हणेल, म्हणून उभीच राहते. उभ्याउभ्या पदराने कपाळ पुसते. आणि मग म्हणते, “चल, रिक्षाच करू.” तिचं चालणं संपलं. पाय थकले हे कारण खरं असेलही, पण थांबायला जागा असती तर आणखी अर्धा तास ती या रस्त्यावर असती. शेजारच्या तुळशीबागेच्या बाजारात शिरली असती, नातीसाठी भातुकलीतली पितळी कढई हातात घेऊन वजन बघितलं असतं, तिथल्या राममंदिरात दोन मिनिटं टेकली असती.

शहरातली माणसं चालावीत असं वाटत असेल तर आधी त्यांच्या थांबण्याची सोय बघावी लागते, असं माझं मत दिवसेंदिवस पक्कं होत चाललं आहे. नकाशावर चालणं रेघेने दाखवतात आणि थांबणं दाखवतच नाहीत. न्यूयॉर्कमध्ये विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात चौकांवर आणि इमारतींपुढच्या पटांगणांवर कॅमेरे लावून माणसं नुसती पाहिली. तासन्‌तास पाहिली. त्यांना वाटलं होतं की गप्पा मारायला थांबलेली माणसं गर्दीतून बाजूला सरकत असतील. चित्रफितींत उलटंच निघालं. माणसं रहदारीच्या ऐन मधोमध, कोपऱ्यावर थांबून बोलत होती. १९८० साली त्यांनी हे सगळं पुस्तकात मांडलं, आणि त्यातला एक निष्कर्ष एवढा साधा की वाचताना संकोच वाटावा. माणसं जिथे बसायला जागा असते तिथे बसतात. दहीहंडीच्या आदल्या दिवशी तुळशीबागेच्या तोंडाशी उभे राहून बघा. ‘अगं, किती दिवसांनी!’ म्हणत दोन मैत्रिणी नेमक्या वाटेच्या मधोमध थांबतात. मागच्या गर्दीला त्यांच्याभोवतीने वळावं लागतं, आणि गर्दी वळते.

डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी १९७१ च्या आपल्या पुस्तकात हीच गोष्ट वेगळ्या बाजूने धरली. काही कामं माणूस रस्ता कसाही असला तरी करतो, कामावर जाणं, औषध आणणं. काही मात्र रस्ता चांगला असला तरच घडतात. रेंगाळणं, बसणं, उन्हात उभं राहणं, लेकराला फुगेवाला दाखवणं. रस्ता वाईट असला तरी पहिल्या प्रकारची गर्दी असतेच. म्हणून गर्दी पाहून रस्त्याची परीक्षा करता येत नाही. किती जण गेले हे मोजलं की अर्धंच कळतं. किती जण थांबले तेही मोजावं लागतं.

त्यांच्याच गावातला, कोपनहेगनमधला स्ट्रॉयेट हा मुख्य बाजाराचा रस्ता १९६२ च्या नोव्हेंबरात गाड्यांना बंद केला गेला. आधी प्रयोग म्हणून. दुकानदारांना धंदा बुडेल अशी भीती होती, आणि डेन्मार्कच्या थंडीत रस्त्यावर रेंगाळायला कोण येणार, हाही प्रश्न होता. दोन वर्षांनी, १९६४ साली, तो कायमचा चालणाऱ्यांचा झाला. माणसं आली, थांबली, बसली.

मला मात्र याचं उदाहरण द्यायला एवढ्या लांब जावं लागतं याचंच नवल वाटतं, कारण मनन करण्याजोगं खरं चालणं आपल्याकडे दर वर्षी आषाढी वारीत होतं. मन तिकडे वळवा. आळंदीहून पंढरपूरपर्यंत साधारण अडीचशे किलोमीटर. त्या वाटेवर साठीची, सत्तरीची माणसं चालतात, डोक्यावर तुळस घेतलेल्या बाया चालतात. हे कसं शक्य होतं? वारीचं वेळापत्रक हातात घेऊन बघा. सकाळी कुठे विसावा, दुपारचं जेवण कुठे, संध्याकाळी मुक्काम कुठे, रिंगण कुठल्या माळावर, हे सगळं आधी ठरलेलं. पुण्यात तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबापाशी थांबते, माउलींची भवानी पेठेत पालखी विठोबापाशी. चालणाऱ्यांचा एवढा मोठा समुदाय ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला, त्यांनी वाट आखताना आधी विसावे ठरवले. पाणी कोण देईल, सावली कुठे आहे, पाय कोण चेपून देईल. एक विसावा मनात धरा. चिंचेखाली टेकलेली एक बाई, शेजारी टोपलं, पाय लांब केलेले, डोळे मिटलेले. तिला कोणी विचारत नाही की इथे का बसलात.

हे न विचारणं फार मोलाचं आहे. शहरात बाईला हा प्रश्न शब्दांत नाही तर नजरेने सतत विचारला जातो. शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ साली मुंबईतल्या बायकांवर ‘व्हाय लॉइटर?’ हे पुस्तक लिहिलं, त्यात हेच दाखवलं आहे. बाई रस्त्यावर असू शकते, पण काहीतरी कामाला निघाल्यासारखी. हातात पिशवी, कानाला फोन, पावलात घाई. नुसतं उभं राहायचा हक्क तिला गृहीत धरता येत नाही. आता लक्ष्मी रस्त्यावर परत या, एकट्या बाईच्या डोळ्यांनी. कुठे निवांत थांबता येईल? उजेड कुठे आहे, माणसांची वर्दळ कुठे आहे? आणि तास-दीड तास फिरल्यावर स्वच्छतागृह कुठे आहे, कुलूप नसलेलं, पाणी असलेलं, आत कडी असलेलं? किती बायका बाजाराला निघताना घरून पाणी कमी पिऊन निघतात, ते आपापल्या घरात विचारून बघा. उत्तर ऐकून थोडा वेळ काही बोलू नका.

रस्ता सुधारायचा म्हटलं की पहिला वरवंटा पथारीवाल्यांवर फिरतो. मला ते पटत नाही. रात्री साडेनऊला दुकानांची शटरं पडल्यावर त्या फुटपाथवर उजेड असतो तो भेळवाल्याच्या दिव्याचा. पत्ता विचारायचा तो गजरेवालीला, आणि कोणाला भोवळ आली तर पाण्याचा पहिला तांब्या तीच पुढे करते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने शहराच्या समितीत किमान ४० टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींना दिल्या आहेत. त्यांना बसवून घेऊन, चालायची पट्टी मोकळी ठेवून, त्यांची जागा आखता येते. झाडाबद्दलही हेच. बुंध्यापर्यंत सिमेंट ओतलेलं झाड किती दिवस सावली देणार? थोडी उघडी माती ठेवा, भोवती बसण्याजोगा कट्टा बांधा. जुन्या पेठांतले पार असेच होते.

आता एका दिवसाचा विचार करू. ११ डिसेंबर. पुणे महापालिकेने २०२१ पासून हा पादचारी दिन म्हणून धरला आणि लक्ष्मी रस्त्याचा एक टप्पा त्या दिवशी गाड्यांना बंद केला. डोळे मिटून तो रस्ता बघा. हॉर्न नाही. रस्त्याच्या बरोबर मधे, जिथे एरवी उभं राहणं वेडेपणाचं ठरलं असतं, तिथे एक बाळ बसून खडूने रेघोट्या ओढतंय. लोक आधी सवयीने कडेकडेनेच चालतात, मग हळूहळू मधे येतात. पुणेकरांना तशी ही सवय नवी नाही. अनंत चतुर्दशीला हाच रस्ता दुसऱ्या दिवसापर्यंत पायी माणसांचा असतो, ढोलांचा, रांगोळ्यांचा, मानाच्या गणपतींचा. त्या दिवशी कोणीही विचारत नाही की पार्किंगचं काय.

या पादचारी दिनाचं मला कौतुक आहे, आणि तो पुरेसा नाही हेही मनापासून वाटतं. एका दिवसाने सण होतो. दुकानदाराची भीती जायला मात्र हंगाम जावा लागतो, दिवाळी आणि लग्नसराई दोन्ही. त्याची भीती समजून घ्या. त्याचं गिऱ्हाईक हडपसरहून, कोथरूडहून, वाघोलीहून येतं. ते कुठे उतरेल, मोठी खरेदी हातात घेऊन बसपर्यंत कसं जाईल, या प्रश्नांना उत्तरं दिल्याशिवाय त्याने होकार द्यावा ही अपेक्षा बरोबर नाही. वारंवार येणारी छोटी बस, पेठेच्या काठाला वाहनतळ, मालाच्या टेम्पोला सकाळची ठरावीक वेळ, हे आधी उभं करावं लागतं. २०१६ मध्येच महापालिकेने पादचारी धोरण मंजूर केलं, रस्ते कसे आखावेत याची मार्गदर्शिकाही केली. जंगली महाराज रस्त्यावर त्या पद्धतीचे रुंद फुटपाथ आणि बाकं झाली, आणि संध्याकाळी तिथे बसलेली माणसं दिसतात. कधीकधी त्याच फुटपाथवरून दुचाकीही येते, हेही खरं. म्हणजे बांधून झाल्यावर राखणंही आलं.

आता सावकाश घरी परत या. तळव्यांखालची फरशी पुन्हा जाणवू द्या. आणि या आठवड्यात एक काम करा. तुमच्या बाजारातली एकच जागा निवडा, फार तर शंभर पावलांचा तुकडा. संध्याकाळी तिथे अर्धा तास उभे राहा, वही घेऊन. कोण चालत गेलं ते मोजूच नका. कोण थांबलं, कुठे थांबलं, कशाला टेकून, ते लिहा. औषधांच्या दुकानापुढे, बसथांब्याच्या मागे, बंद पडलेल्या दुकानाच्या पायरीवर. ऊन कुठून येतं ते बघा. पुण्यात महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांना आपल्या प्रभागातली कामं सुचवता येतात. तुमच्या गावात तशी सोय नसेल तर वॉर्ड ऑफिस आहे, नगरसेवक आहे. अर्जात ‘परिसराचे सुशोभीकरण करावे’ असं लिहू नका. औषधांच्या दुकानापुढे पाठ टेकायचा एक बाक, समोरच्या फाटकापाशी फुटपाथ सलग, चौकातली ओलांडायची वेळ पाच सेकंदांनी जास्त, असं लिहा. आणि द्यायला जाताना मावशीला बरोबर घेऊन जा.